उसना दिलेला जावई

परदेशी खेळाडूंचे नियम या विषयाची कोणी परीक्षा घेतली, तर अख्ख्या ईशान्य थायलंडमध्ये मी पहिला येईन. हे मी फुशारकीने सांगत नाही, चिडून सांगतोय. ज्यांनी हे नियम केले ते स्वतः नापास होतील याची मला खात्री आहे, आणि ज्यांच्यासाठी मी ते पाठ केले ते आमचे हेंग शेठ तर परीक्षेची तारीखच ज्योतिष बघून बदलून मागतील.

मी थवी. नोंग खेम फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक. छातीवर रेड्याचं चित्र आहे म्हणून लोक आमच्या संघाला ‘रेडे’ म्हणतात. हल्ली आमचा खेळ बघून म्हणतात, तो भाग वेगळा. क्लबचे मालक हेंग शेठ. त्यांचा साबूकंदाच्या पिठाचा कारखाना आहे, आणि माणसंही पोत्यांसारखी या गोदामातून त्या गोदामात हलवता येतात असा त्यांचा समज आहे.

तर नियम असा. प्रत्येक क्लबात परदेशी खेळाडूंसाठी तीन खुर्च्या. चौथा आणायचा तर आधी तिघांतला एक उठवायचा. उठवलेला एकतर विकायचा, नाहीतर दुसऱ्या क्लबाला हंगामापुरता उसना द्यायचा. पण त्या क्लबाच्याही खुर्च्या तीनच, म्हणजे त्यांनाही कोणाला तरी उठवावं लागतं. एका गावात ब्राझीलचा माणूस उतरला की चार गावांतले परदेशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायला लागतात. आणि हे सगळं बदल्यांची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीची मुदत, बंद व्हायच्या आत.

आमच्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर होता एबो. एबो मूळचा घानाचा. आठ वर्षांपूर्वी आला, दुसऱ्या वर्षी माझ्या बहिणीच्या, लमदुआनच्या प्रेमात पडला आणि तिसऱ्या वर्षी आमच्या घरी राहायला आला. आमच्याकडे जावई हा घरजावईच असतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. आई घालते ती आंबवलेली मासळी तो बोटं चाटून खातो, जिच्या वासाने बँकॉकचे लोक गाडीच्या काचा वर करतात. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा राहतो. आमच्या बोलीत शिव्या देतो, त्याही अशा जुन्या, की आजोबा गेल्यापासून मी त्या कोणाच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. तर हा परदेशी.

आणि एमिल म्हणून आमचा एक खेळाडू आहे. आई थाई, बाप नॉर्वेचा. जन्मला नॉर्वेत, वाढला नॉर्वेत, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. चिकट भात काट्या-चमच्याने खातो आणि पपईच्या कोशिंबिरीत मिरची नको म्हणून हात जोडतो. पासपोर्ट थाई, म्हणून हा इथला. पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्याने हा हिशेब मांडला त्याला मला एकदा आईच्या हातची कोशिंबीर खायला घालायची आहे, डझनभर मिरच्या कुटून.

तर एके दिवशी शेठांनी मला कारखान्यात बोलावलं आणि फोन पुढे केला.

“एक पोरगा घेतलाय. एदिमार. ब्राझीलचा. तिघांना चकवून गोल मारतो, बघ.”

“घेतलाय म्हणजे?”

“घेतलाय म्हणजे घेतलाय. सोमवारी विमानतळावर गाडी पाठव.”

“शेठ, व्हिडिओत सगळेच तिघांना चकवतात. आपल्या तिन्ही खुर्च्या भरलेल्या आहेत.”

“मग एक रिकामी कर.”

“कुठली?”

“आता तेही मीच सांगू? मग तुला कशाला ठेवलाय?”

दुसऱ्या खुर्चीवरच्या सर्बियन बचावपटूचा करार असा होता की त्याला उठवलं तर कारखान्याचं एक छप्पर विकावं लागलं असतं. तिसरा कोलंबियाचा. त्याच्याबरोबर शेठाणी फोटो काढतात, त्यामुळे त्याला हात लावायची सोय नव्हती. राहिला आमचा जावई. घरचा माणूस कुरकुर करत नाही, म्हणून पहिला विळा त्याच्यावरच पडतो. हे चूक आहे हे तेव्हा मला कळत होतं की नाही, असं विचाराल तर कळत होतं. पण माझ्या डोक्यात एक नामी बेत तयार झाला होता, आणि नामी बेत सुचला की मला दुसरं काही दिसत नाही.

बान साक हा आमच्या खालच्या श्रेणीतला क्लब. मोटारसायकलने अर्धा तास. एबो तिकडे उसना द्यायचा, रात्री घरी जेवायला यायचं. पुढच्या हंगामात सर्बियनचा करार संपला की पुन्हा आपल्या खुर्चीवर. सगळे खूश!

आई स्टेडियमच्या दाराशी पपईच्या कोशिंबिरीची गाडी लावते. तिच्या हातात मुसळ असतानाच मी विषय काढला.

“आई, एबोला सहा महिने बान साकला द्यावं म्हणतोय.”

“द्यावं म्हणजे?”

“उसना.”

मुसळ थांबलं. “जावई उसना देतात होय रे? मीठ देतात, शिडी देतात. शेजारणीला शिडी दिली होती, ती दोन वर्षं झाली तिच्याच भिंतीला टेकून उभी आहे.”

“अगं, शिडीला करार नसतो. याला आहे.”

“आणि परत नाही आला तर? लमदुआनने काय करायचं? पोरीने शाळेत काय सांगायचं, मामाने बाबांना उसनं दिलं?”

“आई, मला नियम तोंडपाठ आहेत.”

“तुला बारावीचं गणितही तोंडपाठ होतं,” आई म्हणाली आणि इतक्या जोरात कुटायला लागली की समोरच्या गिऱ्हाइकाने तिखटाचं प्रमाण सांगायचा विचार सोडून दिला.

एबोने माझं सगळं ऐकून घेतलं. बूट पुसत होता, पुसतच राहिला. “घर सोडावं लागणार नाही ना, दादा? मग झालं. मी फुटबॉल कुठेही खेळेन.”

“माझा शब्द,” मी म्हणालो.

मी बान साकच्या व्यवस्थापकाशी, प्रासोंगशी बोललो. त्यांच्याकडे एक नायजेरियन होता, त्याला ते पुढे ढकलणार होते. इथे मी माझी सगळी अक्कल खर्च केली. “प्रासोंग, तुझा माणूस लगेच उठवू नकोस. आमचा एदिमार खुर्चीवर बसला की ऑफिसातून फोन येईल, मग एबोला घे. नाही बसला तर मी एबोला पुन्हा आमच्याकडेच बसवीन.” म्हणजे काही झालं तरी जावई उभा राहायचा नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी दोन वेळा जेवलो.

मग शेठांचा फोन आला. “थवी, सही शुक्रवारी. पाच वाजून नऊ मिनिटांनी.”

“शेठ, शुक्रवारी पाचला खिडकी बंद होते.”

“विहारातल्या भंतेंनी मुहूर्त काढून दिलाय.”

“आदल्या दिवशीचा नाही का एखादा?”

“आहे. तो म्हशी विकायला चांगला आहे, माणूस घ्यायला नाही.”

“मग पाचच्या आधी सही करू आणि नऊ मिनिटांनी हार घालू.”

“आणि मागच्या वेळेसारखं होऊ दे? तू घाई केलीस, आणि तो अर्जेंटिनाचा पोरगा विमानाच्या जिन्यावरून पडून पाय मोडून बसला. फुटबॉल संघटनेला सांग, जरा थांबा म्हणावं.”

अख्ख्या देशाची खिडकी आमच्या रेड्यांसाठी उघडी ठेवायची! रागाने माझे कान तापले. पण शेठांशी भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. मुहूर्त हलणार नव्हता, खिडकी हलणार नव्हती. राहता राहिलं घड्याळ.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी क्लबातलं प्रत्येक घड्याळ अर्धा तास पुढे केलं. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, पहारेकऱ्याच्या टेबलावरचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचंसुद्धा, कारण शेठांना मागे उभं राहून पडद्यात डोकावायची सवय आहे. त्यांच्या मनगटावरच्या सोन्याच्या घड्याळाची काळजी नव्हती. कारखान्याचं उद्घाटन ज्या शुभ मिनिटाला झालं त्या मिनिटावर ते त्यांनी स्वतःच बंद करून ठेवलेलं आहे. माझं खरं घड्याळ मी मोज्यात लपवलं. आणि फोन? विधीच्या वेळी कोणाचा वाजू नये म्हणून शेठांनी क्लबातल्या सगळ्यांचे फोन एका चांदीच्या ताटात गोळा करून घेतले होते. त्यांनीच माझं काम सोपं केलं.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. खेळाडूंच्या नोंदी करणाऱ्या चनिदालाही नाही, कारण ती शेठाणींची भाची. तिला सांगितलेली गोष्ट तिच्या मावशीला तिच्याआधी कळते.

दुपारी चनिदाने माझ्या सांगण्यावरून एबोला आमच्या यादीतून काढलं. “आता एदिमारचा सही केलेला कागद आणून देईपर्यंत हलू नकोस,” मी तिला बजावलं आणि सभागृहात गेलो. तिथे एदिमार पाय दुमडून बसला होता, चेहरा वेदनेने वाकडा. भंते बसले होते. शेठ झगमगीत रेशमी शर्टात. भंतेंनी पांढऱ्या सुताचा गुंडा सोडला आणि ते पवित्र सूत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असं सगळ्यांच्या हातांतून फिरलं.

भिंतीवर पाच वाजून नऊ मिनिटं झाली. एदिमारने सही केली. मोज्यातल्या घड्याळाप्रमाणे खिडकी बंद व्हायला अजून भरपूर वेळ होता. मी कागद उचलला आणि उठायला गेलो.

“खाली बस,” शेठ पुटपुटले.

“शेठ, कागद—”

“पठण संपेपर्यंत सूत सोडायचं नसतं. तुटलं तर सगळं गेलं.”

पठण काही संपेना. एका हातात सूत, एका हातात कागद, आणि पायात टिकटिक. भंते वयस्कर, शांतपणे म्हणत होते, मध्ये पाणी प्यायले. रागाने रडू येतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी सूत गुंडाळलं, पाणी शिंपडलं, आणि मी बूट न घालताच ऑफिसकडे धावलो.

ऑफिस रिकामं! कॉम्प्युटर बंद. त्याचा पासवर्ड फक्त चनिदाला ठाऊक, कारण मागे एकदा मी तो तीनदा चुकवून यंत्रणाच बंद पाडली होती.

पहारेकरी म्हणाला, “बाई रडत गेल्या. पाच वाजले ना, संपलं म्हणाल्या.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारी कागदाची वाट बघत बसली होती. भिंतीवर पाच वाजले, कॉम्प्युटरवरही पाच वाजले. तिच्या लेखी खिडकी बंद. मी तिलाच फसवलं होतं, आणि तिला फसवायचं माझ्या बेतात अजिबात नव्हतं.

शुक्रवारी ती गावी जाते, म्हणून मी नुसत्या मोज्यांनिशी मोटारसायकलला लाथ मारली आणि बस स्टँड गाठला. तिच्या गावची बस शोधली, आत चढलो, एका म्हाताऱ्याच्या कोंबड्यांवर पाय दिला, त्याच्या शिव्या खाल्ल्या. चनिदा नव्हती. परत आलो. ती होती स्टेडियमच्या मागे, जागेच्या राखणदार देवाच्या छोट्या देवळापाशी, गुडघ्यावर बसून. समोर लाल सरबताच्या बाटल्या आणि उदबत्त्यांचा जुडगा.

“चनिदा! इथे काय करतेस?”

“थवीदादा, वेळ निघून गेली. आता देवालाच सांगतेय काहीतरी कर म्हणून.”

“वेळ आहे! घड्याळं खोटी आहेत!”

“खोटी कोणी केली?”

“मी!”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आई बारावीच्या निकालाकडे बघत होती. पण धावली बिचारी. कॉम्प्युटर चालू केला. आमच्या कॉम्प्युटरला चालू व्हायला लागतो तेवढ्या वेळात माझी आई चार गिऱ्हाइकांची कोशिंबीर कुटते. पडदा उजळला तेव्हा मी मोज्यातलं घड्याळ काढलं. पाच वाजून गेले होते, खरे पाच. संघटनेच्या घड्याळापर्यंत माझा हात पोचत नव्हता.

“जाऊ दे,” मी धापा टाकत म्हणालो. “एदिमार बोंबलला. निदान प्रासोंगने फोनची वाट न बघता एबोला तरी बसवला असेल.”

चनिदाचा चेहरा उतरला. “मघाशी त्यांचा ऑफिसात फोन आला होता. मी सांगितलं, आता काही होत नाही, सोडून द्या.”

मी प्रासोंगला फोन केला. “तुमच्याच मुलीने सोडून द्या म्हटलं,” तो म्हणाला. “आम्हाला वाटलं तुमचा व्यवहार फिसकटला. आम्ही आमचा नायजेरियन ठेवला.”

म्हणजे बघा. आमच्याकडे एक खुर्ची रिकामी, आणि तिच्यासमोर दोन माणसं जमिनीवर. एदिमारचा पाय काही मोडला नाही. मोडायला खेळावं लागतं. एबोचा पगार मागायला गेलो तर शेठ म्हणाले, तो बान साकला उसना दिलाय, त्यांच्याकडे माग. बान साकवाले म्हणाले, आम्ही घेतलाच नाही. नोंद नाही म्हणून खेळ नाही, खेळ नाही म्हणून पगार नाही. आठ वर्षं आमच्यासाठी गोल मारणारा माणूस दोन गावांच्या मधल्या बांधावर उभा.

घड्याळांची बातमी चनिदाकडून शेठाणींकडे आणि तिथून शेठांकडे पोचायला एक जेवण पुरलं. शेठांनी मला उभं केलं आणि टेबलावर मूठ आपटली. मला वाटलं, एबोबद्दल बोलतील.

“म्हणजे सही मुहूर्ताच्या आधी झाली?” ते ओरडले. “तू मला फसवून अशुभ वेळेला सही करवलीस?”

तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली. मुसळ घेऊन. तिला कोणी अडवलं नाही.

“शेठ, माझा जावई कुठाय?”

“मावशी, बसा. हे बघा, नियम असा आहे की परदेशी खेळाडू—”

“परदेशी कोण?”

“एबो.”

“माझ्या घराचं गळकं छप्पर कोण शाकारतं? माझ्या नवऱ्याच्या चितेला माझ्या पोराबरोबर कोण उभा होता? तो परदेशी?” तिने खिडकीतून मैदानाकडे मुसळ रोखलं. तिथे एमिल पाणी पीत होता. “आणि तो?”

“तो थाई आहे, मावशी. त्याची आई थाई.”

“असं होय. आई बघतात तर. मग एबोची सासू कुठली आहे ते बघा आणि लिहा.”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी नियमावलीतलं पान आठवायला लागलो, कारण क्षणभर मला खरंच वाटलं की असं एखादं कलम असेल. नव्हतं. आईने ते माझ्या तोंडावरून ओळखलं, आणि जाताना मुसळ शेठांच्या टेबलावर ठेवून गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते परत न्यायला अजून कोणाला धीर झालेला नाही.

शेवटी मीच धावाधाव केली. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या होत्या. उघडी होती फक्त नदीपलीकडची, लाओसची. तिथल्या एका क्लबाला स्ट्रायकर हवा होता. सहा महिने. पण तिथून रोज रात्री जेवायला येता येत नाही. लमदुआन माझ्याशी बोलायची बंद झाली. भाचीने फक्त एकच विचारलं, मामा, तू बाबांना का दिलंस? मी तिला खाऊ आणून दिला, तो तिने घेतला नाही.

निघायच्या दिवशी लमदुआनने घरीच निरोप घेतला, पोरीला शाळेत पाठवायचं होतं. आई म्हणाली, “मी जाते पोचवायला. राहतो कुठे, जेवतो काय, बघून येते.” गाडी मी चालवली. मागे आईच्या मांडीवर मासळीची बरणी होती.

गाडी पुलाच्या अलीकडे ठेवली. तिथे दोन रांगा. आई आणि मी आमच्या रांगेतून पटकन सुटलो. एबो परदेशींच्या रांगेत, त्याचं पारपत्र उलटंपालटं करून बघत होते. आई पलीकडून दोनदा ओरडली, “अहो, तो आमचा आहे, सोडा त्याला.” कोणी लक्ष दिलं नाही. मग बसने पूल ओलांडला.

पलीकडे उतरल्यावर आई ठसक्यात छोट्या रांगेत जाऊन उभी राहिली. खिडकीतला तरुण अधिकारी हसून म्हणाला, “मावशी, ही लाओ लोकांची रांग. परदेशींची तिकडे.”

“कोण परदेशी?”

“तुम्ही.”

“मी?” आईचा आवाज चढला. “अरे, तुझी माझी बोली एक. माझी आजी याच नदीत धुणं धुवायची. ही बरणी उघडून वास घे, तुझ्या आईच्या घरी हीच मासळी असेल.”

“असेल मावशी. पण रांग तिकडे आहे.”

 आई बरणी छातीशी धरून उभी राहिली. एबोने पुढे होऊन ती तिच्या हातातून घेतली.

“आई, इकडे या. आपली रांग ही.”

ती गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. मी त्यांच्या मागे. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. बऱ्याच वेळाने आईने विचारलं, “तू दर वेळी असा उभा राहायचास?”

“हो.”

“आठ वर्षं? मग मला कधी बोलला नाहीस ते?”

“बोलून काय झालं असतं, आई,” एबो आमच्या बोलीत शांतपणे म्हणाला. “दादाला सगळे नियम ठाऊक आहेत.”

आईने वळून माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या रांगेतल्या एका बाईच्या पिशवीवरची फुलं अतिशय बारकाईने बघायला लागलो.